एच एम ब्याऐंशीचं सुतक

येळ्ळूरच्या सुबरावांनी आपला वंश सिद्ध करण्यासाठी नळीत थुंकायला तोंड उघडलं, आणि नेमकी त्याच वेळी त्यांच्या तोंडाला कोरड पडली.

एरवी सुबराव थुंकायला लाजणारे गृहस्थ नव्हते. निपाणीच्या तंबाखूच्या जोरावर त्यांनी वीज कंपनीत मीटर रीडरची सगळी नोकरी काढली होती, आणि तालुक्यात असा एक खांब शिल्लक नव्हता ज्याच्या बुंध्याशी त्यांची ओळख नव्हती. पण नळीत थुंकणं वेगळं. समोर जत्रा कमिटीची माणसं डोळे लावून बसलेली, शेजारी चुलतभाऊ भावकू दुसरी नळी घेऊन टपलेला, आणि नळीवर रेघ आखलेली. लाळ त्या रेघेपर्यंत यायला हवी, फेस धरायचा नाही. अशा वेळी भल्याभल्यांची लाळ आटते.

गावावर ही वेळ आली ती लक्ष्मीच्या जत्रेमुळे. येळ्ळूरची जत्रा दरवर्षीची नव्हे. मधे इतकी वर्षं जातात, की मागच्या जत्रेत खांद्यावर बसलेली पोरं पुढच्या जत्रेत आपली पोरं खांद्यावर घेऊन येतात. देवी गदगेवर, म्हणजे देवळासमोरच्या जत्रेच्या चौथऱ्यावर, बसली, की दिवेलागणीला तिच्यापुढं गाऱ्हाणं घालायचं. म्हणजे साऱ्या गावाच्या वतीनं एकानं देवीशी मोठ्यानं बोलायचं, पाऊस मागायचा, पोरांना नोकऱ्या मागायच्या, आणि प्रत्येक मागण्याला गावानं 'व्हय' म्हणायचं. हा मान सुबरावांच्या भावकीतल्या वडीलधाऱ्या माणसाचा. मागच्या जत्रेत त्यांच्या वडिलांनी गाऱ्हाणं घातलं होतं. आता भावकीत वडीलधारे सुबरावच होते. त्यांना मुलगा नव्हता, एक मुलगी होती ती लग्न होऊन गेलेली, आणि पुढच्या जत्रेपर्यंत आपण टिकू याची त्यांना खात्री नव्हती. त्यामुळे हे गाऱ्हाणं त्यांचं पहिलं आणि शेवटचं. न्हाणीघरात पाणी तापेपर्यंत ते त्याची तालीम करत, आणि पलीकडच्या शालूबाई धुणं धुता धुता सवयीनं 'व्हय' म्हणत.

अशात कमिटीच्या बैठकीत भावकू उठला. भावकूची पिठाची गिरण. पूर्वी एकदा त्यानं गिरणीचं रीडिंग जरा कमी लिहा म्हणून सुबरावांना गळ घातली होती, तेव्हा सुबराव म्हणाले होते, "रीडिंग म्हणजे रीडिंग. सख्खा भाऊ असलास तरी मीटर उलटं फिरत न्हाय." तेव्हापासून भावकूच्या पोटात काय दळलं जात होतं ते देवीला ठाऊक. तो सुबरावांना अण्णा म्हणे आणि शिव्याही अण्णा म्हणूनच देई.

"अण्णाचा मान मला मान्य हाय," भावकू म्हणाला, "पर अण्णाचा पणजा आपल्या घराण्यातला न्हाय. लोंढा जंक्शनला सापडलेलं पोरगं ते. आमच्या पणज्यानं दया येऊन घरात आणलं. म्हाताऱ्या माणसास्नी इचारा."

म्हातारी माणसं म्हणजे भावकूची आईच, आणि तिला हल्ली कोणीही काहीही विचारलं तरी ती व्हय म्हणे. पण गावाला एवढं पुरे झालं. दुसऱ्या दिवशी सुबराव दूध आणायला निघाले, तर कट्ट्यावरच्या कुणीतरी हळूच गाडीची शिट्टी वाजवली. तिसऱ्या दिवशी त्यांच्या घराला 'जंक्शन' हे नाव पडलं. जन्मभर ज्या माणसानं दुसऱ्यांच्या दारात उभं राहून आकडे खरे लिहिले, त्याचाच आकडा खोटा ठरवायला गाव निघालं, याचं सुबरावांना फार लागलं. त्यांनी दोन वेळा जेवणावर राग काढला. तिसऱ्या वेळी मटण होतं म्हणून काढला नाही.

रविवारी दिपाली माहेरी आली. ती बेळगावातल्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवी. सगळं ऐकून ती सहज बोलून गेली, "आप्पा, आजकाल हे तपासता येतं की." बोलली आणि फसली.

"कसं?" सुबराव ताठ झाले.

मग दिपालीनं समजावलं, की पुरुषाच्या अंगात वाय नावाचं एक गुणसूत्र असतं. ते बापाकडून मुलाकडे, मुलाकडून त्याच्या मुलाकडे जातं, थेट, आडनावासारखं. जाताना कधीकधी त्यात बारीकशी चूक होते आणि ती चूक पुढच्या सगळ्या पिढ्या इमानानं सांभाळतात. ज्यांच्या चुका सारख्या, त्यांचा मूळपुरुष एक. जगातल्या सगळ्या पुरुषांचं असं एक झाड शास्त्रज्ञांनी मांडलंय. मोठ्या फांद्यांना ए, बी, सी अशी अक्षरं, आणि बारक्या फांद्यांना पुढं आकडे.

"म्हणजे चुकांवरनं भावकी कळते," सुबरावांच्या पत्नी रुक्माबाई चुलीपाशी म्हणाल्या. "हे आमाला कवाच ठावं हाय."

"मग तू तपास की," सुबराव लेकीला म्हणाले. "तू शिकलेली हाईस."

"माझ्यात ते न्हाय, आप्पा. बायकांत ते नसतंच."

सुबरावांनी लेकीकडे मोठ्या कणवेनं पाहिलं. "असू दे, वाईट वाटून घेऊ नको," ते म्हणाले. दिपाली भांडी उचलून आत गेली. जाताना एवढंच म्हणाली, की या तपासणीत दोघं एका वंशाचे आहेत का ते कळेल, पण थोरला कोण आणि धाकला कोण, मान कुणाचा, असलं काही कळणार नाही. हे वाक्य सुबरावांनी ऐकलंच नाही.

दिपालीनं तपासणीची नळी मागवायचं ठरवलं, तीत थुंकून परत धाडायचं, ही बातमी गावभर झाली. रुक्माबाईंना काळजी होती करणीची. नखं आणि केस माणूस जपून टाकतो, आणि हे बायकोचं ऐकायचं सोडून आपली थुंकी टपालानं परमुलखात धाडायला निघालेत! शालूबाईंचं म्हणणं पडलं, की थुंकायचंच तर अमावस्या टाळून थुंकावं. भावकू आधी हसला. पण कमिटीचे चेअरमन मारुतीराव यांनी जाहीर केलं, की दोघांनी थुंकायचं, रिपोर्ट जुळला तर मान सुबरावांचा, नाही जुळला तर भावकूचा. त्यावर तोही तयार झाला.

आता प्रश्न आला तो जागेचा. सगळं पंचांसमोर व्हायला हवं. देवळात थुंकणं शक्य नव्हतं. शाळेच्या व्हरांड्यात गेले तर भिंतीवर 'येथे थुंकू नये'. ग्रामपंचायतीत तीच पाटी कन्नडमध्ये, 'इल्लि उगुळबेडि'. दवाखान्यात दोन्ही भाषांत. येळ्ळूरला एवढ्या पाट्या आहेत हे गावाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, कारण तोपर्यंत त्या कुणी वाचल्या नव्हत्या. सीमाप्रश्नावर इतकी वर्षं भांडणाऱ्या दोन भाषांचं एका मुद्द्यावर तरी एकमत आहे, असं मारुतीराव म्हणाले. शेवटी तालमीच्या मागं, जिथं पाटी लावायचं कुणाला सुचलं नव्हतं, तिथं बाकडं टाकून कार्यक्रम झाला. कोरड पडलेल्या सुबरावांपुढं शालूबाईंनी चिंच धरली, तेव्हा कुठं रेघ गाठली.

नळ्या पाठवायला दोघं भाऊ बेळगावात कुरिअरच्या दुकानात गेले. एकमेकांवर विश्वास नसल्यामुळे दोघंही एकाच स्कूटरवरून गेले. काउंटरवर मंजुश्री नावाची मुलगी होती.

"इदराग येन ऐती?" तिनं विचारलं. यात काय आहे?

"थुंकी," सुबराव म्हणाले.

"आं?"

"ही माझी. आणि ही ह्याची."

मुलीनं दोघांकडे पाहिलं. "काका, एवढं पैसे घालून कशाला पाठवताय? बाहेर गटर आहे की."

तिच्या कॉम्प्युटरमध्ये कागदपत्रं होती, कपडे होते, खाद्यपदार्थ होते, थुंकी नव्हती. ती बिचारी 'खाद्यपदार्थ' लिहायला तयार झाली. सुबराव खोटं लिहून द्यायला तयार होईनात. रीडिंग म्हणजे रीडिंग. वरच्या साहेबाला फोन झाला. साहेबानं विचारलं, थुंकी मेलेल्या माणसाची आहे की जिवंत? भावकू ओरडला, "दोघं बी हितं जित्तं उभं हावोत!" शेवटी 'वैद्यकीय नमुना' असं ठरलं, तोवर मागची रांग रस्त्यावर गेली होती आणि रांगेतला प्रत्येक जण सुबरावांच्या वंशाविषयी आपलं मत देऊन चुकला होता.

काही आठवड्यांनी उत्तर आलं. दोन्ही नमुने नापास. नमुन्यात लाळ कमी आणि तंबाखू जास्त होता.

सूचनेच्या कागदावर आधी अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये असं लिहिलं होतं. दोघांनी ते पाळलंही होतं. पण तंबाखू हे खाणं किंवा पिणं आहे, असं या मुलखात कुणीच धरत नाही. तो गालात असतोच, जसा खिशात रुमाल असतो. निपाणीच्या बाजूच्या माणसाला तंबाखू वगळून थुंक म्हणणं म्हणजे काय, हे त्या नळी बनवणाऱ्याला कळलं नव्हतं.

दुसऱ्या नळ्या आल्या. या वेळी मारुतीरावांनी दोघांना सकाळी उठल्याबरोबर तालमीत आणून बसवलं आणि दोघांच्या तंबाखूच्या चंच्या काढून घेतल्या. थोडा वेळ दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले. मग भावकूचं डोकं धरलं. मग सुबराव रिकामा तळहात अंगठ्यानं मळायला लागले.

"अण्णा, तुला बी असं हुतंय काय?"

"व्हय रं. जीभ कुणाची तरी दुसऱ्याची असल्यागत वाटतीया."

"आमच्या बाचं बी असंच व्हायचं."

"माझ्या बाचं बी."

गेल्या कित्येक वर्षांत दोघं भाऊ एवढं सलोख्यानं बोलले नव्हते. थुंकून झाल्यावर चंच्या परत मिळाल्या, आणि ओढ इतकी होती, की कुणी कुणाची चंची उघडली हेही पाहिलं नाही.

रिपोर्ट दिपालीच्या फोनवर आला. सगळी कमिटी सुबरावांच्या घरी पुढच्या सोप्यात जमली. दिपालीनं वाचलं, की सुबराव आणि भावकू यांच्या खुणा तंतोतंत जुळतात. दोघं एकाच मूळपुरुषाचे, शंकाच नाही. लोंढा जंक्शन त्या क्षणी बंद पडलं. रुक्माबाईंनी साखर वाटली. सुबराव उठून उभे राहिले, पुन्हा बसले, पुन्हा उठले.

"आणि अक्षर कुठलं?" त्यांनी विचारलं. घराण्यात असं सांगत, की मूळपुरुष उत्तरेकडून तलवार घेऊन आला. त्या मानानं काहीतरी भारदस्त अक्षर निघेल अशी त्यांची आशा होती.

"एच. पुढं एम ब्याऐंशी."

"हे बसच्या नंबरासारखं लागालंय," मारुतीराव म्हणाले.

दिपालीनं सांगितलं, की ही इथलीच, फार जुनी फांदी. गावोगाव, साऱ्या जातीजमातीत सापडते. तलवार घेऊन आलेला असेल-नसेल, पण लांबून आलेला नसावा. युरोपात भटकणाऱ्या रोमा लोकांतही ही फांदी भरपूर आहे, ते फार पूर्वी इथून तिकडं गेले.

"म्हंजे ती बी भावकीच?" रुक्माबाईंनी विचारलं. "मग त्यांच्यात कोण गेलं तर हितं सुतक धरायचं काय?"

सगळे हसले. दिपालीनं समजावलं, की ते नातं हजारो वर्षांमागचं, ते सोडा. जवळचं नातं आकड्यांच्या जुळणीवरनं कळतं. आणि मग तिनं फोन पुढं सरकवला आणि ती थांबली. "आप्पा, इथं जवळच्या जुळणीत आणखी एक नाव आहे. साईनाथ. वडगाव. पाच-सात पिढ्यांमागं तुमचा पूर्वज एकच असणार."

बेळगावच्या वडगावातला हा साईनाथ मारुतीरावांना ठाऊक होता: साड्या विणणारं घर, बोलणं कन्नड. सीमेच्या प्रत्येक मोर्चात पुढं असणाऱ्या सुबरावांना आपली सगळ्यात जवळची भावकी वडगावच्या मागावर कन्नड बोलत बसलेली आहे, हे पचवायला जरा वेळ लागला.

"ह्यो कागुद चुकलाय," भावकू म्हणाला.

"चुकला असला तर तू बी माझा भाऊ न्हाईस," सुबराव म्हणाले. "एकाच मीटरचं रीडिंग हाय. अर्धं खरं, अर्धं खोटं चालत न्हाय."

चार दिवसांनी, त्यालाही जुळणी कळल्यावर, साईनाथचाच फोन आला. बेंगळुरूच्या मुलानं वाढदिवसाला नळी पाठवली म्हणून तो थुंकला होता, आणि विसरूनही गेला होता. आता त्याची म्हातारी आई, यल्लव्वा, रोज विचारत होती, की आपली माणसं कधी येणार. जायला नको म्हणणारा भावकू ठरल्या वेळी इस्त्रीचा सदरा घालून स्कूटरवर मागं बसला.

यल्लव्वा मागाच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. "बर्री, कूडर्री," या, बसा, म्हणाली, आणि मग कन्नड आणि मराठी एकात एक विणत बोलत राहिली. "ह्या घरात सून म्हणून आले तवापास्नं एकच ऐकतेय मी. तुमची भावकी कुठाय? लग्नात भावकी न्हाय, बारशाला न्हाय. मालक गेले तर शेजारच्यांनी उचललं. चांगली माणसं हाईत, पर शेजारी ते शेजारी." सासरा सांगायचा म्हणे, की त्याचा आजा येळ्ळूरच्या बाजूचा. भावाशी भांडून जेवत्या ताटावरनं उठला, वडगावात एका विणकराकडं येऊन मागावर बसला, त्याच घरचा जावई झाला, त्यांचीच भाषा घेतली, आणि परत गेला नाही.

"कशावरनं भांडले?" सुबरावांनी विचारलं.

"कुणाला ठावं? भावाभावास्नी कारण लागतंय व्हय?"

सुबराव आणि भावकू दोघांनीही भिंतीकडे बघितलं.

निघताना म्हातारीनं एक हिरवी साडी त्यांच्या हातात ठेवली. साईनाथनं विणलेली, पण काठाचे धागे तिनं स्वतः जोडलेले. "लक्ष्मीला नेसवा," ती म्हणाली. मग सुबरावांचा हात धरून हळू आवाजात म्हणाली, "आणि मी गेले की या. भावकी आली म्हणून लोकांस्नी दिसू दे." सुबराव म्हणाले, "काकू, तुमी शंभर वर्षं जगताय." पण येतो म्हणून त्यांनी शब्द दिला. साडी त्यांनी नेऊन कमिटीकडं सोपवली.

जत्रा आली. देवी गदगेवर बसली, यल्लव्वाची हिरवी साडी नेसून. गाऱ्हाण्याच्या दिवशी सकाळी सुबरावांनी अंघोळ केली, फेटा बांधून घेतला, आरशासमोर एकदा गाऱ्हाणं म्हटलं. पलीकडून शालूबाईंचं 'व्हय' आलं. तेवढ्यात फोन वाजला. साईनाथ होता. त्याची आई पहाटे झोपेतच गेली होती.

सुबराव फेट्यासकट पलंगावर बसले. भावकीतलं माणूस गेलं, म्हणजे दहा दिवस सुतक. सुतकात देवीच्या पायरीलाही पाय लावायचा नाही, मग गाऱ्हाणं कुठलं.

भावकूला कळलं तसा तो धावत आला आणि दार लावून घेतलं. "अण्णा, कुणाला बोलू नको. फोन उचललाच न्हाय असं धर. गाऱ्हाणं झालं की सांजला कळलं म्हणायचं."

मारुतीरावांनीही तेच सांगितलं, जरा चेअरमनच्या भाषेत. "रिपोर्ट आमी मानतोच, अण्णा. पर आजच्या दिवस मानू नका की."

सुबरावांना मोह झाला नाही असं नाही. फार झाला. वडील डोळ्यांसमोर आले, मागच्या जत्रेतला त्यांचा आवाज कानात आला. एवढ्या वर्षांची वाट, एवढी थट्टा, एवढी थुंकी, ती सगळी या एका संध्याकाळसाठी. आणि वडगावच्या म्हातारीला ते एकदाच तर भेटले होते. पण तिचा हात त्यांना आठवला, सुताच्या कामानं खरबरीत झालेला.

त्यांनी फेटा सोडायला घेतला. "मारुतीराव, मीटर उलटं फिरवायचं असतं तर पैलं मी भावकूच्या गिरणीचं फिरवलं असतं," ते म्हणाले. फेटा त्यांनी भावकूच्या हातात दिला. "तू रिपोर्ट मानत न्हाईस. तुला सुतक न्हाय. घाल गाऱ्हाणं. नीट घाल." मग ते स्कूटर काढून निघून गेले. जत्रेला आलेली दिपाली दारात उभी होती, तिला काय झालं ते सांगायचंही राहिलं.

वडगावात गल्लीतले माग बंद होते. एरवी खटखटणारी ती गल्ली गप्प होती. तिरडी बांधून झाली, तेव्हा एक म्हातारा शेजारी रीतीप्रमाणे म्हणाला, "भावकीतलं कोण असलं तर पुढं या." साईनाथनं मान खाली घातली. आजवर या हाकेला त्याच्या घरातून कधी उत्तर गेलं नव्हतं.

"आलोय की," सुबराव म्हणाले आणि पुढं झाले. साईनाथनं त्यांच्याकडं बघितलं आणि लहान पोरासारखा रडला.

खांदा द्यायला ते वाकले, तर दुसऱ्या बाजूला धापा टाकत भावकू. डोक्यावर फेटा नव्हता, पण कपाळावर त्याचा वळ होता.

"तू रं? गाऱ्हाणं?"

"बांधला फेटा. गेलो गदगेपाशी पाया पडाय. देवीकडं बघितलं, तर ती म्हातारीची साडी नेसून बसलेली." भावकूनं खांदा पुढं केला. "तोंडाला कोरड पडली, अण्णा. नळीच्या टायमाला तुला पडलीती तशी. उचल आता."

दिवेलागणीला दोघं भाऊ अंघोळ करून साईनाथच्या पायरीवर बसले होते, तिथंच फोन वाजला. शालूबाई होत्या. देवळासमोर काय गोंधळ उडाला, ते त्यांनी एका दमात सांगितलं. भावकू मानतोय म्हटल्यावर सुतक सगळ्या भावकीलाच लागलं, भावकूच्या पोरांना लागलं, रुक्माबाईंना लागलं. मारुतीराव डोकं धरून बसले. गाव जमलेलं, दिवा लागलेला, आणि मानाच्या घरात देवीपुढं उभं राहायला एक माणूस नाही.

"मग मीच म्हटलं," शालूबाई म्हणाल्या, "दिपालीला कुठं सुतक हाय? ती दिल्या घरची लेक. म्हायेरच्या भावकीचं सुतक तिला लागत न्हाय. मारुतीराव म्हणाले, बाईमाणूस कसं काय? मी म्हटलं, वंश मानाच्या घरचा, सुतक न्हाय, आणि तुमाला काय पायजे? आता गप ऱ्हावा आणि ऐका. फोन वर धरलाय."

फोनमधून आधी गर्दीची गुजगुज आली. मग दिपालीचा आवाज. सुरुवातीला तो वर्गात हजेरी घेतल्यासारखा निघाला. "हे आई लक्ष्मी, आज तुझी लेकरं तुझ्यापुढं उभी आहेत."

"व्हय!" गाव म्हणालं.

"शिवारात वेळेवर पाऊस दे. पोरांच्या हाताला काम दे."

"व्हय!"

शब्द न शब्द तेच. दारामागून, चुलीपाशी बसून, भांडी घासताना तिनं बापाच्या तोंडून आजोबांचं गाऱ्हाणं ऐकलं असलं पाहिजे. तालीम करताना आपण तिला कधी म्हटलं नव्हतं, की ये, तूही म्हण. सुबरावांना ते आता आठवलं, आणि तिला कणवेनं 'वाईट वाटून घेऊ नको' म्हणालेला आपला आवाजही आठवला. त्यांना स्वतःची लाज वाटली. हळूहळू फोनमधला आवाज मोकळा झाला, तिच्या आजोबांच्या आवाजासारखा गर्दीच्या वरून जाऊ लागला.

"आई, ज्या हातांनी तुझ्या साडीचा काठ जोडला, ते हात आज थांबले. त्या लेकराला तुझ्यापाशी जागा दे."

"व्हय!" गाव म्हणालं. पायरीवर साईनाथ 'व्हय' म्हणाला, भावकू म्हणाला, सुबराव म्हणाले. सुबरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही.

गाऱ्हाणं संपलं. मग भावकूनं चंची काढली.

"अण्णा, म्होरल्या जत्रंला बी हिलाच उभी करूया."

"का रं? तुझी पोरं हाईत की."

"हाईत." भावकू तंबाखू मळत राहिला. "पर आपली भावकी आता केवढी झालीया बघ. वडगावचं धरून. ते युरोपातलं बी उद्या कोण शोधत येतंय ते सांगता येत न्हाय. ऐन जत्रंत कोण ना कोण जाणारच. सुतक न लागणारं एक तरी माणूस घरात पायजे की न्हाय?"

सुबरावांनी चुन्याची डबी त्याच्यापुढं केली.